जुन्या-नव्याचा सांधा : कलासंग्रहालयाची वाढीव इमारत पहिल्यांदा पाहताना

राहत्या घराला मागून एखादी खोली काढली की घरातली माणसं पुढची कितीतरी वर्षं तिच्या उंबरठ्यावर ठेचकाळतात. जमीन दोन बोटं वरखाली झालेली असते, जुन्या भिंतीतली खिडकी आता बाहेर न उघडता खोलीतच उघडते आणि मधल्या बोळात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. खोली नीट जमली की नाही, हे त्या उंबरठ्यावर कळतं. कलासंग्रहालयांना जोडलेल्या नव्या इमारतींचंही तसंच आहे. बाहेरून फोटो काढायला त्या देखण्या असतात, आत नामवंत चित्रं असतात. पण जुनं कुठे संपलं, नवं कुठे सुरू झालं आणि मधल्या चार पावलांत काय घडलं, हे पाहिल्याशिवाय ती इमारत पाहून झाली असं मी म्हणणार नाही.

वास्तुकलेचं शिक्षण नसलेल्या आणि अशी इमारत पहिल्यांदाच पाहायला निघालेल्या माणसासाठी हे लिहिलं आहे. निघण्याआधीपासून संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत काय करायचं, ते क्रमाने पाहू.

पायरी १ : निघण्याआधी दोन सालं आणि एक कारण

जुनी इमारत कोणत्या साली बांधली आणि वाढीव कोणत्या साली, ही दोन सालं संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सहज सापडतात. त्यानंतर शोधायचं ते कारण. वाढ करावी का लागली? दर वेळी उत्तर ‘चित्रं मावेनात’ हेच असतं असं नाही.

पॅरिसचं लूव्र घ्या. मुळात तो राजवाडा. लांबच लांब पसरलेला, आणि संग्रहालय म्हणून वापरताना नेमकं आत कुठून शिरायचं हेच लोकांना उमगत नसे. एका अख्ख्या बाजूत तर फ्रान्सचं अर्थखातं बसलेलं होतं. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ यांनी हे काम आय. एम. पेई या वास्तुविशारदाकडे सोपवलं आणि १९८९ मध्ये राजवाड्याच्या अंगणात सुमारे २१ मीटर उंचीचा काचेचा पिरॅमिड उभा राहिला. त्यावर फ्रान्समध्ये केवढं रान उठलं होतं! पण ज्या गोष्टीवरून एवढा वाद झाला, त्या पिरॅमिडात चित्र एकही नाही. ते दाराचं छप्पर आहे. खाली जमिनीच्या पोटात मोठा चौक काढला आहे आणि तिथून देनों, स्युली आणि रिशल्यू अशा तीन बाजूंना माणसं पांगतात. हे कारण आधी माहीत असलं की ‘राजवाड्यापुढे काच शोभते का’ या प्रश्नावर तुम्ही अडकून पडत नाही. खाली उतरून पाहता, की इथे उभं राहिल्यावर आपल्याला दिशा कळते आहे का. मला ती कळली, म्हणून पिरॅमिड माझ्या लेखी पास आहे. गर्दीच्या दिवशी मात्र त्या चौकात कानठळ्या बसतात. मूळ अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं तिथे येऊ लागली आहेत, आणि २०२५ मध्ये पूर्वेकडून आणखी एक वेगळं प्रवेशद्वार काढायची योजना जाहीर झाली. म्हणजे दार सोपं करण्यासाठी केलेल्या वाढीला आता पुन्हा दाराचीच वाढ.

वेळ ठरवताना एवढं पाहा, की उजेड आणि अंधार दोन्ही तुमच्या वाट्याला येतील. दुपार कलताना आत शिरून दिवेलागणीला बाहेर पडलात तर उत्तम. बरीच संग्रहालयं आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असतात, तो दिवस धरा. सुट्टीचा वार तपासा. लूव्र मंगळवारी बंद असतं, आणि सोमवारी बंद राहणारी संग्रहालयं तर असंख्य. काही इमारतींना स्वतःची वेळ असते. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहराच्या कलासंग्रहालयाला वास्तुविशारद सांतियागो कालात्रावा यांनी २००१ मध्ये जोडलेल्या दालनावर पक्ष्याच्या पंखांसारखी छत्री आहे, पसरली की टोकापासून टोकापर्यंत २१७ फूट भरते. संग्रहालय उघडताना ती उघडते, दुपारी बाराला एकदा मिटून पुन्हा उघडते. वारा ताशी २३ मैलांच्या वर गेला आणि तसाच राहिला, तर ती आपोआप मिटते. तिथे साडेबाराला पोचणाऱ्याला काय सांगायचं!

पायात चप्पल-बूट असे घाला की तीन तास चालवेल, पण तळवा फार जाड नको. जमीन पायाला कळायला हवी. का, ते पुढे येईल.

पायरी २ : आधी रस्त्यापलीकडे उभे राहा

तिकिटाच्या रांगेकडे लगेच वळू नका. जिथून जुनी आणि नवी दोन्ही इमारती एका नजरेत येतील, अशी जागा शोधा आणि तिथे दहा मिनिटं काढा. नव्याने जुन्याशी कसं वागायचं ठरवलं आहे, हे इथूनच दिसतं. ढोबळपणे तीन तऱ्हा आहेत. कुणी जुन्याची भाषा उचलतं, कुणी अगदी उलट भाषेत बोलतं आणि कुणी जमिनीखाली जाऊन बसतं. पहिल्या तऱ्हेत फसगत सगळ्यात जास्त, म्हणून तिचं एक चांगलं उदाहरण जरा जवळून पाहू.

लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात नॅशनल गॅलरी आहे. मूळ इमारत विल्यम विल्किन्स यांची, १८३८ मध्ये उघडलेली. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर काय बांधायचं, यावरून १९८०च्या दशकात मोठं भांडण झालं; एक आराखडा तर तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी जाहीर भाषणात झोडपल्यावर बारगळलाच. अखेर रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन या जोडप्याने आखलेली सेन्सबरी विंग १९९१ मध्ये उघडली. चौकात उभं राहून तिच्या दर्शनी भिंतीकडे पाहा. दगड तोच, फिकट पांढरा पोर्टलंड. जुन्या इमारतीच्या भिंतीतून अर्धे बाहेर आलेले चौकोनी खांब आहेत, तसेच इथेही. पण जुन्या इमारतीच्या सगळ्यात जवळच्या कोपऱ्यात हे खांब एकमेकांना खेटून, एकावर एक चढल्यासारखे उभे आहेत, जणू पाहुण्यांच्या स्वागताला दारात गर्दी झाली आहे. तिथून नजर डावीकडे नेत जा. खांबांमधलं अंतर वाढतं, मग एखादाच उरतो, मग नुसती सपाट भिंत. जुनी भाषा मोठ्याने सुरू होते आणि विरत विरत थांबते. नक्कल असती तर सगळे खांब सारख्या अंतरावर उभे केले असते. इथे शेजाऱ्याचं बोलणं ऐकून घेतलं आहे आणि मग स्वतःचं काय ते सांगितलं आहे. मला हा सांधा अतिशय आवडतो, आणि तो पाहायला तिकीटही लागत नाही.

दगडाचा रंग पाहायला विसरू नका. त्याच शहरातल्या ब्रिटिश म्युझियमच्या आतल्या चौकावर २००० मध्ये काचेचं छप्पर आलं, तेव्हा दक्षिणेकडचा द्वारमंडप नव्याने बांधला गेला. त्याला पोर्टलंडऐवजी फ्रान्समधला चुनखडीचा दगड लागला. दोन्ही दगड फिकटच, पण शेजारी आल्यावर फरक लपला नाही आणि वर्तमानपत्रांपर्यंत गाजला. जुना दगड शंभर-दीडशे वर्षं धूर-पाऊस खाऊन मुरलेला असतो. त्याच खाणीतला नवा चिरासुद्धा शेजारी कोरा दिसतो.

जमिनीखाली जाणाऱ्या तऱ्हेचा नमुना फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आहे. २०१२ मध्ये उघडलेली तिथली नवी दालनं बागेच्या खाली आहेत. वरून दिसते ती मधोमध फुगीर झालेली हिरवळ आणि तिच्यात बसवलेल्या १९५ गोल काचा. या हिरवळीवर चालता येतं. अशा ठिकाणी ‘रस्त्यापलीकडून’ पाहण्यासारखं थोडंच असतं. सरळ आत जा.

पायरी ३ : दारातली पहिली पाच मिनिटं

पिशवी, छत्री, जाड कोट जमा करा. पाठीवरची पिशवी बहुतेक ठिकाणी आत नेऊच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वळताना चित्राला धक्का लागतो तो तिच्यामुळे. नकाशा घ्या. मग दारापासून थोडं बाजूला होऊन नुसते उभे राहा. लक्स हे उजेडाचं माप. बाहेर लख्ख उन्हात एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो आणि आतल्या दालनात दोनशे किंवा त्याहून कमी. डोळे सरावायला वेळ लागतो. घाईने आत गेलेल्यांना पहिलं दालन नेहमी अंधारं वाटतं ते याच कारणाने.

या पाच मिनिटांत स्वतःला विचारा, की मला आत कोणत्या वाटेने आणलं गेलं? हा प्रश्न साधा वाटतो, पण एका वाढीव इमारतीची सगळी थोरवी मला त्याच्यात सापडली. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथलं किंबेल संग्रहालय वास्तुविशारद लुई कान यांचं, १९७२चं. कान यांच्या मनात होतं, की माणसाने पश्चिमेकडून यावं. छोट्या झाडांच्या राईतून, पायाखाली खडी वाजत, शेजारी पाण्याचा आवाज ऐकत. प्रत्यक्षात लोक गाडीने येत आणि गाडीतळ पूर्वेला. त्यामुळे बहुतेक जण खालच्या मजल्याच्या मागच्या दाराने शिरत आणि जिना चढून थेट चित्रांत पोचत. घराच्या परसदारातून दिवाणखान्यात यावं तसं. मग १९८९ मध्ये कान यांच्याच कमानदार छपरांची लांबी वाढवायचा घाट घातला गेला. वास्तुकलेतल्या मंडळींनी एवढा विरोध केला की तो बेत सोडून द्यावा लागला.

शेवटी २०१३ मध्ये रेन्झो पियानो यांनी नवी इमारत बांधली ती जुनीला न चिकटवता, तिच्यासमोर जवळपास साठ मीटरवर, मध्ये हिरवळ सोडून. गाडीतळ नव्या इमारतीच्या खाली घेतला. आता माणूस गाडीतून उतरतो, जिना चढून वर येतो आणि समोर उभी असते ती कान यांची पश्चिमेची बाजू. चाळीस वर्षं पाठमोरी राहिलेली इमारत एका जिन्यामुळे सामोरी आली. या वाढीत नव्या भिंती, नवं सभागृह, नवी दालनं सगळं आहे. पण मला विचाराल तर त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट गाडीतळाचा तो जिना आहे.

तेव्हा दारातल्या पाच मिनिटांत हे पाहून घ्या, की नव्या इमारतीने जुनीचं मुख्य दार जपलं, बदललं की निरुपयोगी करून टाकलं. पुष्कळ ठिकाणी जुन्या इमारतीचा भव्य जिना ओस पडलेला दिसतो आणि माणसं बाजूच्या काचेच्या दारातून जा-ये करतात. असं दिसलं तर परतताना त्या जुन्या जिन्यावर मुद्दाम जाऊन या.

खांब दिसले तर त्यांच्याकडेही एकदा पाहा, की वरचं वजन खरंच त्यांच्यावर आहे का. सेन्सबरी विंगच्या प्रवेशदालनात मोठमोठे खांब होते, त्यांतले काही नुसते शोभेचे. इमारतीला पैसा देणाऱ्यांपैकी एक, जॉन सेन्सबरी, यांना ते मुळीच पटले नव्हते. त्यांनी १९९० मध्ये बांधकाम चालू असतानाच एक पत्र टंकलिखित करून एका पोकळ खांबात टाकून दिलं. हे खोटे खांब म्हणजे वास्तुविशारदांची चूक आहे आणि तुमच्या पिढीने ते काढायचं ठरवलं याचा मला फार आनंद आहे, असा त्याचा आशय. २०२३ मध्ये नूतनीकरणासाठी खांब फोडले तेव्हा पत्र हाती लागलं. लिहिणारे त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. वास्तुविशारद ॲनाबेल सेलडॉर्फ यांनी केलेल्या बदलांनंतर २०२५ च्या मे महिन्यात ही विंग पुन्हा उघडली, तेव्हा प्रवेशदालन पूर्वीपेक्षा बरंच मोकळं आणि उजळ झालं होतं. काहींना जुना कोंदटपणाच हवा होता, कारण अंधाऱ्या तळघरासारख्या जागेतून जिना चढून उजेडात जायचं, अशी मूळ कल्पना होती. मला दोन्ही बाजू पटतात. पण गर्दीत अवघडून उभं राहणाऱ्या माणसाचा विचार केला तर सेलडॉर्फ यांच्या बाजूने एक मत जास्त पडतं.

पायरी ४ : सांधा तीनदा ओलांडा

आता मुख्य काम. नकाशावर जुनी आणि नवी इमारत जिथे भेटतात ती जागा शोधा. कधी तो रुंद बोळ असतो, कधी काचेची छोटी खोली, कधी पूल. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या कलासंग्रहालयात डॅनियल लिबेस्किंड यांची २००६ची टायटॅनियमने मढवलेली इमारत आणि जिओ पोंती यांची १९७१ची इमारत रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत आणि वरून काचबंद पूल त्यांना जोडतो. सेन्सबरी विंग आणि जुनी गॅलरी यांच्यामध्येही पायवाट आहे आणि पहिल्या मजल्यावरून गोलाकार पूल. काही संग्रहालयांत मात्र सांधा इतका सारवलेला असतो की नकाशाशिवाय सापडत नाही.

पहिल्यांदा ओलांडताना खाली पाहा. जमिनीत आरपार गेलेली धातूची किंवा रबराची पट्टी दिसेल, दोन-चार बोटं रुंद. लोक तिच्यावरून दिवसभर जातात आणि कुणाचं लक्ष जात नाही. तळवा पातळ असेल तर ती पायाला कळते, आणि अनेकदा तिच्या अलीकडे-पलीकडे पावलाचा आवाजही बदलतो; इकडे लाकडाची फरशी बोदी वाजते, तिकडे दगड टणक. ही पट्टी म्हणजे दोन इमारतींमधल्या फटीवरचं झाकण. जुनी इमारत आपल्या पायावर केव्हाच खचून स्थिरावलेली असते. नवी बांधली की तिच्या वजनाने खालची माती दबते आणि ती काही काळ किंचित खाली बसत राहते. शिवाय उन्हाने प्रत्येक इमारत आपापल्या मापाने फुगते आणि थंडीत आकसते. दोघींना एकत्र जखडलं तर भेगा जुन्या भिंतीला पडतील. म्हणून त्या शेजारीशेजारी उभ्या असतात, एकमेकींवर रेलत नाहीत. गवंडीकाम जवळून पाहिलेल्यांना एक्स्पान्शन जॉइंट हा शब्द परिचयाचा असेल. छतात आणि भिंतीतही त्याच रेषेत अशीच फट किंवा खोबण सापडेल. मान वर करून शोधा. एकदा सापडली की पुढच्या प्रत्येक इमारतीत ती तुम्हाला आपोआप दिसायला लागेल.

दुसऱ्यांदा उलट दिशेने ओलांडा आणि अंगाकडे लक्ष द्या. हवा गार झाली? जमिनीला हलका उतार लागला? जुन्या मजल्यांची उंची आणि नव्या मजल्यांची उंची क्वचितच जुळते आणि तो फरक कुठेतरी गिळावा लागतो. चार पायऱ्या केल्या की चाकाच्या खुर्चीवरचा माणूस अडला. लांब, हलका उतार केला तर सगळे एकाच वाटेने जातात आणि कुणाला वेगळ्या लिफ्टकडे पाठवावं लागत नाही. माझ्या मते वास्तुविशारदाच्या मनाची परीक्षा इथे होते. एका संग्रहालयात मी गुडघ्याने अधू असलेल्या बरोबरच्या बाईंना घेऊन सांध्यापाशी पोचले, तर पुढे सहा पायऱ्या. उतारवाट तळमजल्यावरून, मागे वळून, दोन दालनं ओलांडून. छत फार सुंदर होतं. त्या ते पाहायला थांबल्या नाहीत.

तिसऱ्यांदा वर आणि मागे पाहा. जुन्या इमारतीची बाहेरची भिंत आता आत आली आहे का? पावसासाठी केलेले छज्जे, दगडी पन्हाळी, खिडक्यांच्या चौकटी आता छपराखाली कोरड्या उभ्या असतील. कालपर्यंत चाळीस फुटांवरून पाहायची ती भिंत आता हाताच्या अंतरावर येते. हात लावू नका, पण छिन्नीचे घाव दिसतात का ते जवळून पाहा.

पायरी ५ : उजेड कुठून येतो?

नव्या दालनात शिरलात की चित्रांआधी उजेड पाहा. सोपी युक्ती सांगते. नकाशाचा कागद आडवा धरा आणि त्याच्यावर वीतभर वर दुसरा हात धरा. सावलीची कड स्पष्ट आणि एकच असेल तर वर एखादा थेट दिवा आहे. पुसट, पसरट सावली पडली तर उजेड कुठेतरी आपटून, गाळून आला आहे. सावली जवळपास पडलीच नाही तर वास्तुविशारदाने बरीच खटपट केली आहे असं समजा.

खटपट करावी लागते, कारण उजेड चित्राचा वैरीही आहे. कागदावरची चित्रं, जलरंग, कापड यांना साधारण ५० लक्सच्या वर उजेड देत नाहीत. तैलचित्रांना २०० लक्सच्या आसपास चालतो. दगड आणि धातूच्या शिल्पांना भरपूर ऊन चालतं. झालेली हानी भरून येत नाही, साचत जाते. म्हणून रेखाटनांची खोली अंधुक असते आणि तिथली चित्रं काही महिन्यांनी बदलतात. पहारेकऱ्याला ‘दिवे का मंद केले’ असं विचारू नका, दोन मिनिटं थांबा. डोळे सरावले की रेघा वर येतात.

उजेडासाठीच पाहायला जावी अशी वाढीव इमारत अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीला आहे. नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयाची जुनी इमारत १९३३ची. भारदस्त, सममित, चुनखडीच्या दगडाची, पुढे-मागे हिरवळ. १९९९ मध्ये वाढीव इमारतीसाठी वास्तुविशारदांची स्पर्धा झाली, तेव्हा इतरांनी तिच्या उत्तरेला बांधायचं सुचवलं. स्टीव्हन हॉल यांनी मात्र तिला हात न लावता, पूर्वेच्या कडेने उतारावर खाली उतरत जाणारी इमारत मांडली आणि तीच निवडली गेली. २००७ मध्ये उघडलेली ही ब्लॉक बिल्डिंग ८४० फूट लांब आहे, पण बाहेरून ती एवढी लांब वाटतच नाही. बहुतेक भाग हिरवळीखाली आणि वर आलेले असतात ते काचेचे पाच तिरकस ठोकळे. हॉल त्यांना भिंगं म्हणतात.

या भिंगांची काच आरपार दिसणारी नाही. नालीसारख्या आकाराच्या लांब काचपट्ट्या उभ्या शेजारीशेजारी लावल्या आहेत, दोन थरांत, मध्ये हवा सोडून. ऊन त्यांच्यात शिरताना दुधाळ होतं. आतमध्ये इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या भिंती आहेत. त्यांच्या वक्र माथ्यावर हा उजेड आपटतो आणि पसरून खाली दालनात येतो. हवेच्या नळ्याही त्यांच्याच पोटातून नेल्या आहेत. तुम्ही उताराने एकेक दालन खाली जाता. एका भिंगाखाली उजळ, पुढच्या हिरवळीखालच्या भागात शांत, पुन्हा उजळ. बाहेर ढग सरकला की आतली भिंत किंचित मंदावते आणि परत उजळते. एका जागी पाच मिनिटं बसून राहिलात तरच हे कळतं. गाडी खालच्या गाडीतळात लावली असेल तर तिथेही वर पाहा. वरच्या उथळ तळ्याच्या तळाशी गोल काचा आहेत आणि पाण्यातून गाळलेलं ऊन गाड्यांवर हलत असतं. वॉल्टर डी मारिया यांची ती कलाकृती आहे, एक सूर्य आणि चौतीस चंद्र.

पायरी ६ : मग चित्रं, आणि पाय दुखायच्या आत बाक

चित्रं कशी पाहावी हा वेगळाच विषय आहे, तो इथे नको. वास्तूच्या बाजूने दोनच गोष्टी सांगते. एक, प्रत्येक दारात थांबून पुढच्या दारांतून आरपार पाहा. चांगल्या दालनांची दारं एका ओळीत असतात आणि टोकाला मुद्दाम काहीतरी ठेवलेलं असतं. सेन्सबरी विंग उघडली तेव्हा कमानींची एक रांग टोकाकडे लहान होत जाईल अशी केली होती, त्यामुळे अंतर आहे त्यापेक्षा जास्त वाटे, आणि शेवटी चीमा दा कोनेल्यानो या जुन्या इटालियन चित्रकाराचं मोठं वेदीचित्र (चर्चच्या वेदीवर लावायचं चित्र) दिसे. सुरुवातीच्या रेनेसाँ (युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या) चित्रकारांनी सपाट चित्रात खोलपणाचा जो भास साधला, तोच इथे प्रत्यक्ष दालनात आणला होता. दोन, भिंत उभी आहे की कललेली ते पाहा. डेन्व्हरच्या त्या इमारतीत पुष्कळ भिंती कललेल्या आहेत. चित्र टांगायला उभी भिंत लागते, तेव्हा तिथे चित्रं कशी मांडली आहेत हे पाहणं हाच एक खेळ होतो.

वळायचं असेल तेव्हा डावीकडे वळा. आर्थर मेल्टन या मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात संग्रहालयांत लोकांच्या चालण्याची नोंद केली, तेव्हा दालनात शिरलेले बहुसंख्य लोक उजवीकडे वळताना आढळले. डाव्या बाजूला थोडी मोकळीक मिळते.

आणि बसा. ‘संग्रहालयाचा थकवा’ हा विषय १९१६ मध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी मांडला. वाकून, टाचा उंचावून, मान वळवून वस्तू पाहणाऱ्या एका माणसाचे फोटो काढून त्यांनी दाखवलं, की दमणूक मांडणीमुळे होते. तासाभराने पाऊल जड झालं तर दोष तुमच्या रसिकतेचा नाही. नव्या इमारतीत बाक कुठे ठेवले आहेत ते पाहा: पाठ टेकता येते का, समोर चित्र आहे की दुसऱ्या बाकावरचा माणूस, खिडकी जवळ आहे का. तीन-चार दालनांनंतर बाहेरचं झाड दिसेल अशी एक खिडकी ठेवणाऱ्या वास्तुविशारदाचे मी मनापासून आभार मानते.

उपाहारगृह, पुस्तकांचं दुकान, स्वच्छतागृह यांच्याकडे नकाशात एकदा पाहून ठेवा म्हणजे झालं. पुष्कळदा वाढ त्यांच्यासाठीच झालेली असते.

पायरी ७ : दिवेलागणीला पुन्हा त्याच जागी

संग्रहालय बंद व्हायच्या थोडं आधी निघा आणि सुरुवातीला जिथे उभे होतात तिथे पुन्हा या. दिवसा दगड ठळक असतो आणि काच आभाळाच्या रंगाची. दिवे लागले की उलटतं. कॅन्सस सिटीत तर जुन्या इमारतीच्या कडा अंधुक व्हायला लागतात तेव्हा ती पाच भिंगं आतून पेटल्यासारखी होतात आणि उतारावर एकापाठोपाठ एक उजळलेली दिसतात. त्यांच्यामधल्या गवतावरून सावकाश खाली चालत जा. तुमच्या पायांखाली त्या वेळी एक दालन असतं, दुपारी ज्याच्या बाकावर बसून तुम्ही ढग जाताना पाहिला होता तेच.